धाट न मोडता

बोरवाडीत ज्ञानोबा माणसं ओळखायचा ती पायांवरून. तोंडावरून ओळखायची सोयच नव्हती. कमरेत तो असा वाकलेला होता की चालताना काठी पुढं, नजर जमिनीला, आणि समोरून येणाऱ्या माणसाचं गुडघ्याच्या वर फारसं काही दिसायचं नाही. पण पायांचा अभ्यास एवढा दांडगा की भेगाळलेल्या टाचा बघून म्हणायचा, "काय महालिंगप्पा, आज मळ्याकडं न्हाय गेलाव?" आणि महालिंगप्पा चकित होऊन आपल्याच टाचांकडं बघत राहायचा. ज्ञानोबा हसायचा. हसण्यावारी नेता येईल तेवढं त्यानं नेलं होतं.

हे वाकणं म्हातारपणाचं नव्हतं. त्याची कंबर धोंड्यानं नेली होती.

मारुतीच्या देवळापुढं एक लांबट काळा धोंडा होता, दोन्ही अंगांना लोखंडी कड्या बसवलेला. जोंधळ्याच्या भरल्या पोत्याहून जड. हनुमान जयंतीला तो उचलायचा, आणि उचलायचा तो ताठ पायांनी. देवापुढं गुडघा वाकवायचा तो नमस्काराला, जोर करायला नव्हे, असं बोरवाडीचं म्हणणं होतं. आणि नुसतं म्हणून गप्प बसणारं हे गाव नव्हतं. उचलणाऱ्याच्या दोन्ही पायांना बाहेरच्या अंगानं, मांडीपासून पोटरीपर्यंत, जोंधळ्याचं एकेक वाळलं धाट बांधायचे. गुडघा मोडला की धाट मोडायचं, आणि धाट मोडलं की मान गेला. बरं, उचलून भागत नसे. देवाची वस्तू आपटायची नाही, म्हणून धोंडा आवाज न करता खाली ठेवायचा, तेव्हाही धाटं शाबूत पाहिजेत. ज्याला हे साधेल त्याच्या दारात वर्षभर मारुतीचं निशाण.

निजामाच्या अमदानीत, ज्ञानोबा भर जवानीत असताना, त्यानं तो धोंडा उचलला होता. सरळ उभा राहिला, हलगी कडाडली, गावानं गुलाल उधळला. त्याला वाटलं, झालं. धोंडा खाली नेताना तो गावाकडं बघून हसत होता, आणि तिथंच कमरेत काहीतरी तुटलं. गुडघे कोसळले, दोन्ही धाटं मोडली. निशाण दारात आलंच नाही. हाडवैद्य झाले, शेक झाले, बिब्बे झाले, पण पाठ काही सरळ झाली नाही. गाव म्हणालं, देवानं कंबर ठेवून घेतली. पुढं रझाकारांच्या धामधुमीत जत्रा बंद पडली, पोलीस ॲक्शननंतर पुन्हा सुरू झाली. अधनंमधनं कुणी धोंड्याला हात घालायचं आणि उसण भरवून घेऊन घरी जायचं. धोंडा जागचा हलला नाही.

आणि आता ज्ञानोबाचा मुलगा बलभीम म्हणाला, "आबा, येत्या जयंतीला म्या धोंडा उचलणार."

बलभीम काही साधा गडी नव्हता. तालमीत त्याच्या बैठका बघायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची. मांड्या अशा की धोतराला कापड जास्त लागायचं. ज्ञानोबाला त्या मांड्यांचा केवढा अभिमान! रोज डोळ्यांसमोर तेवढ्याच असायच्या. पण धोंड्याचं नाव ऐकलं आणि त्याचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला.

"काय नडलंय तुझं?" तो म्हणाला.

"तुमचं निशाण गेलं ते नडलंय."

"माझं म्या बघून घेतो. तू कशाला..."

"बघून घेतलाव की. इतकी वर्सं जमिनीकडं बघून घेतलाव."

चुलीपुढून बलभीमची आई मथुराबाई म्हणाली, "एका घरात दोन वाकलेली माणसं म्या बघणार न्हाय. सांगून ठिवते." आणि भाकरी अशी थापली की परातीला पोचा यावा.

बापाचं पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगावं, ही खेड्यातली जुनी हिकमत. शाळेत ड्रिल शिकवायला अंबादास मास्तर म्हणून एकजण आले होते. तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले, व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेले. अंगकाठी मात्र अशी की लोक म्हणायचे, फुंकर मारली तर मास्तर तुळजापुरात जाऊन पडतील. हा माणूस कवायत शिकवतो म्हटल्यावर गाव पदराआड हसायचं. पण बलभीम त्यांना मानायचा. ज्ञानोबा शाळेकडं निघाला.

रस्त्यातच त्याला चपलांतले दोन बारीक घोटे दिसले.

"मास्तर?"

"हो. काय म्हणता आबा?" असं म्हणून मास्तर भर रस्त्यात, धुळीत, उकिडवे बसले. त्यांचं तोंड ज्ञानोबाच्या तोंडासमोर आलं.

ज्ञानोबा क्षणभर काय बोलायला आलो तेच विसरला. इतक्या वर्षांत गावातला एकही माणूस त्याच्याशी बोलायला खाली बसला नव्हता. सगळे उभ्यानं त्याच्या पाठीशी बोलायचे. घारे डोळे, कपाळावर कुंकवाचा पुसट टिळा, दाढीची खुंटं. माणसाचं तोंड असं पुढ्यात आलं की त्याला नको म्हणणं अवघड जातं.

"पोराला नको म्हणा, मास्तर. तुमचं ऐकंल."

"नको म्हटलं तर तो चोरून उचलील," मास्तर म्हणाले. "त्यापेक्षा मला शिकवू द्या. आणि तुम्ही बघायला या. पाठ बिघडतेय असं वाटलं तर तुम्ही थांबवायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

"तुमी उचलताव का त्यो धोंडा?"

"मला त्याची एक कडी उचलणार नाही," मास्तर सरळ म्हणाले. ज्ञानोबाला हे उत्तर आवडलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर अंगणात आले. बलभीमला लंगोट लावून उभं केलं आणि म्हणाले, "गुडघे ताठ ठेव आणि पायाचे अंगठे धर."

बैठकांचा हा राजा खाली वाकला आणि नडगीच्या मध्यावर अडकला. तोंड लाल झालं, हात लोंबकळत राहिले, पाठीचा कमानीसारखा बाक झाला. कुंपणावरून बघणाऱ्यांनी हसून घेतलं. ज्ञानोबाही ओट्यावरून म्हणाला, "लेका, म्या बारमहा धरून असतो की."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बलभीमची मांडी पुढून दाबली, मग मागून दाबली. "पुढची मांडी लाकूड आहे. बैठकांनी घडवलीय. मागची बघा, पोरासारखी मऊ. तुमच्या गावात सगळ्यांचं हेच. पुढची मांडी कमावता आणि धोंड्यापुढं उभे राहता. पण ताठ पायानं उचलायचं म्हटलं की पुढच्या मांडीला कामच नसतं."

मग त्यांनी बोट ठेवून ठेवून दाखवलं. बसल्यावर जे हाड जमिनीला टोचतं, तिथून मागच्या मांडीचे तीन दोर निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन बांधले जातात. माणूस कमरेत वाकला की हे दोर ताणतात, आणि तो उठतो तो या दोरांच्या ओढीनं. त्यांच्या वर कुल्ल्याचं मांस, अंगातलं सगळ्यात मोठं. शेवटचं सरळ उभं करायचं काम त्याचं. आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपर्यंत गेलेल्या दोन वाद्या.

"धोंडा उचलतात त्या ह्याच की," ज्ञानोबा स्वतःच्या कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"तिथंच घात होतो, आबा. यांनी उचलायचं नसतं. यांनी कणा धरून ठेवायचा, हलू द्यायचा नाही. उचलायचं मांडीच्या मागच्यानं आणि कुल्ल्यानं. ते कच्चे पडले की सगळा भार या बिचाऱ्यांवर येतो."

ज्ञानोबाचा हात कमरेवरच राहिला. इतकी वर्षं त्यानं देवाला दोष दिला नव्हता, पण देवाचं आपण काय बिघडवलं हे मनातल्या मनात विचारलं होतं. देवाचं काही नव्हतंच म्हणायचं.

मास्तरांनी कडब्याच्या गंजीतून एक धाट उपसलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू वाकवलं. धाट लवलं, आणखी थोडं लवलं, मग मोडलं. त्यांनी दुसरं घेतलं आणि लवलेलं असतानाच थांबवलं. "एवढी सूट तुमच्या नियमातच आहे. पण धाट मोडेल या धाकानं सगळे गुडघा मागं रेटून कुलूप लावतात. कुलूप लागलं की मागचे दोर आधीच ताणून बसतात, कंबर पुढं झुकत नाही, आणि मग वाकायला उरते ती पाठ. धाट वाचवायच्या नादात गावानं कंबरा मोडून घेतल्या."

ज्ञानोबाला ही लबाडी तर होत नाही ना, अशी शंका आली. तो पंच महालिंगप्पाकडं जाऊन विचारून आला. महालिंगप्पा म्हणाला, "नेम धाटाचा हाय. धाट मोडलं न्हाय म्हंजी न्हाय मोडलं." एवढं झाल्यावर ज्ञानोबानं मुलाला मोकळं केलं.

धोंड्याला हात लावायचा नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. जळकोटला सडकेवर पिठाची गिरणी आली होती, आणि बोरवाडीची जाती घरोघर अडगळीत पडली होती. जात्याच्या दगडाला मधोमध भोक असतंच. बलभीमनं लोखंडी पहार आणली आणि दोन्ही टोकांना एकेक दगड ओवला. बायकांना हसायला निमित्त मिळालं. बलभीम आता दळायला लागला, म्हणाल्या.

पण बलभीमला वाकायचं कसं ते कळेना. मास्तर सांगायचे, "खाली जाऊ नको, मागं जा. कुल्ले मागं ढकल. पाठ पाटासारखी. पहार नडगीला, मांडीला घासून येऊ दे. मागची मांडी ताणली की तिथंच थांब." बलभीम आपला पाठीला कमान करून जमिनीला जायचा. मास्तरांचा घसा बसला.

तेवढ्यात मथुराबाई दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी घेऊन अंगणाच्या दारातून आत आली. मागून शेरडू घुसत होतं. हात अडकलेले, म्हणून तिनं पाठ न वाकवता ढुंगण मागं नेलं आणि दाराला दणका देऊन दार लावलं.

ओट्यावर बसलेल्या ज्ञानोबाच्या नजरेच्या रेघेत ते बरोबर आलं. "बलभीम्या," तो म्हणाला, "तुझी माय दार लावती तसं लाव."

मास्तर त्याच्याकडं वळून बघत राहिले. बलभीमनं पहार धरली, मागं नसलेलं दार लावलं, आणि पाठ सरळच्या सरळ खाली गेली. गुडघा किंचित लवला, पण मोडला नाही. मागची मांडी तटतटली, इतकी की तो दात आवळून म्हणाला, "हितं लई ओढतंय, मास्तर."

"तिथंच ओढायला पाहिजे."

मथुराबाई, आपल्या ढुंगणाचा असा भर अंगणात गौरव झालेला बघून, लाजून आत पळाली. पण त्या दिवसापासून ती दार मुद्दाम तसंच लावायची.

मग रोजचं ठरलं. मास्तर उकिडवे बसून ज्ञानोबाच्या कानाशी तोंड नेऊन समजावायचे आणि ज्ञानोबा बघायचा. टाच उचलली की सांगायचा. पहार नडगीपासून लांब गेली की सांगायचा. मास्तरांना उभ्यानं जे दिसायचं नाही ते त्याला दिसायचं, कारण हे सगळं घडायचं ते त्याच्याच उंचीवर. मास्तर एकदा म्हणालेसुद्धा, "आबा, मला तुमच्यासारखी जागा मिळत नाही." वाकलेल्या कमरेचा कुणी हेवा करावा, हे ज्ञानोबाला नवीन होतं. तो दिवसभर खुशीत होता.

मास्तरांचा सगळा जोर खाली नेण्यावर होता. उचलताना लवकर, नेताना सावकाश. "मागची मांडी खरी कमावते ती खाली जाताना," ते म्हणायचे, "आणि खरा घातही तिथंच होतो." म्हणून पहार खाली जाताना ज्ञानोबानं काठी आपटायची आणि त्या ठेक्यावरच बलभीमनं जायचं. जात्याचे दगड वाढत गेले. बलभीमचे हात हळूहळू पायाच्या अंगठ्यांपर्यंत पोचले. मागच्या मांडीला गाठ दिसायला लागली, कुल्ले भरले. पहारीवर आणखी दगड ओवायला जागा उरली नाही, तेव्हा कुंपणावर हसायलाही कुणी उरलं नाही. फुंकर मारली तर उडेल अशा त्या माणसानं एक नवी मांडी घडवली होती, आणि स्वतः पहारीला एकदाही हात लावला नव्हता. ज्ञानोबा बायकोला म्हणाला, "मानूस बारीक हाय, पर अक्कल पैलवान हाय."

तरीही जयंतीच्या सकाळी मथुराबाई देवळाकडं आली नाही. ज्ञानोबा निघताना ती उंबऱ्यात उभी होती. त्याला तिचे पाय दिसले. एक अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर दाबून धरलेला.

जळकोटचा एक पैलवान आधी पुढं झाला. गुडघे मागं रेटले, हिसका मारला, आणि धोंडा वीतभर उचलून कमरेला हात लावून बाजूला झाला. लोकांनी ज्ञानोबाकडं बघितलं असावं. त्याला फक्त वळलेले पाय दिसले.

महालिंगप्पानं बलभीमच्या पायांना धाटं बांधली. गाठी पुन्हा ओढून बघितल्या. बलभीम धोंड्याला भिडून उभा राहिला, नडगी दगडाला टेकवली. कुल्ले मागं नेले, हात कड्यांत घातले. धाटं किंचित लवली.

ज्ञानोबा समोर, अगदी पुढं उभा होता. त्यानं टाचा बघितल्या. टाचा जमिनीत रुतल्या होत्या. मग मांडीच्या मागचं मांस ताठलं, आणि धोंड्याखालून उजेडाची रेघ दिसली. गावाला अजून काही कळलं नव्हतं. धोंडा नडगीला घासत वर निघाला, कातडी सोलत, गुडघ्याच्या वर गेला, मांडीला लागला, आणि ज्ञानोबाच्या नजरेतून वर निघून गेला. समोर फक्त दोन सरळ पाय आणि दोन शाबूत धाटं राहिली.

मग गाव फुटलं. हलगी कडाडली, गुलाल उधळला, माणसं आनंदानं बलभीमच्या अंगावर धावली. ज्ञानोबाच्या आजूबाजूला पायच पाय झाले. आणि त्याला आपला दिवस आठवला. असाच गुलाल, अशीच हलगी, आणि आपण हसत खाली गेलो होतो. पोरगं वर असंच हसत असेल. त्याला दिसत नव्हतं.

त्यानं काठी आपटली. हलगीत ती कुणाला ऐकू जाणार? तो पायांतून घुसला, कुणाच्या तरी पोटरीला काठी हाणली, आणि बलभीमच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पुन्हा काठी आपटली. त्याच वेळी बाजूनं दोन बारीक हात आडवे झाले; मास्तर आपल्या काटकुळ्या अंगानं सगळी गर्दी मागं रेटत होते. कशी रेटली ते त्यांनाच माहीत.

"सावकास," ज्ञानोबा म्हणाला. "दार लाव, बाळा."

काठी पडली. कुल्ले मागं गेले. धोंडा मांडीवरून खाली निघाला. पुन्हा काठी पडली. धाटं लवली, थांबली. धोंडा गुडघ्यापाशी आला, आणि त्याच्याबरोबर बलभीमचं तोंडही खाली आलं. पाठ पाटासारखी आडवी झाली आणि बापाच्या तोंडासमोर मुलाचं तोंड येऊन थांबलं. घामानं गुलाल ओघळलेला, नाकपुड्या फुललेल्या, डोळे बापावर खिळलेले. तो हसत नव्हता. एवढासा असताना बापाच्या काठीच्या ठेक्यावर चालायला शिकला, तेव्हा बघायचा तसाच बघत होता.

ज्ञानोबानं काठी आपटली. धोंडा जमिनीला टेकला. आवाज झाला नाही.

दोघंही तसेच राहिले, समोरासमोर, सारखेच वाकलेले. ज्ञानोबाला वाटलं, हे तोंड इथंच राहावं, पोटभर बघून घ्यावं. आणि लगेच त्याला त्या वाटण्याची भीती वाटली.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ, बघू."

बलभीम उठला. त्याचं तोंड वर गेलं, ज्ञानोबाच्या नजरेबाहेर गेलं, जिथं असायला हवं तिथं गेलं. महालिंगप्पा धाटं तपासायला खाली वाकला आणि निशाण आणा म्हणून ओरडला. मास्तर घामाघूम होऊन शेजारी उकिडवे बसले. ज्ञानोबानं त्यांचा हात धरला. दुसरा हात लांबवून त्यानं मुलाच्या कमरेमागं नेला आणि खालून वरपर्यंत, हात पोचेल तिथपर्यंत फिरवला. पाठ सरळ होती.